निदानाचे पैसे कोण देणार?

गाडी अचानक बंद पडली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "किती खर्च येईल?" खरं तर त्याआधी एक प्रश्न असतो: "नेमकं झालंय काय?" पण तो विचारायला गाडीवाल्याला सवड नसते आणि मेकॅनिकलाही नसते, कारण त्या प्रश्नाचे पैसे आपल्याकडे कोणी देत नाही. पैसे मिळतात पार्टचे. म्हणून पार्ट बदलले जातात, बिल होतं, आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा त्याच सिग्नलला उभी राहते.

आज त्या आधीच्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे. निमित्त एका जुन्या स्पोर्ट्स कारचं आहे. गाड्यांची आवड नसलेल्या वाचकांनीही थोडं थांबावं, कारण हा विषय बॉनेटखालून सुरू होऊन आपल्या मोहल्ल्यापर्यंत येतो.

"सॅन स्टॉर्म" हे नाव आज फार थोड्यांना आठवत असेल. १९९८ मध्ये बाजारात आलेली, गोव्यात तयार झालेली ही दोन दारांची, बुटकी, फायबरच्या बॉडीची गाडी. भारतात स्पोर्ट्स कार म्हणून बनवलेल्या मोजक्या गाड्यांपैकी एक. इंजिन मात्र फ्रेंच, रेनोचं ११४९ सीसीचं, साधारण ६० हॉर्सपॉवर. आकडा मोठा नाही, पण गाडी हलकी. माझ्या मुलुंडच्या एका मित्राकडे अशी एक आहे. पाव शतक उलटून गेलेली ही गाडी ना नवी आहे, ना सरकारी नियमाने "व्हिंटेज". त्यासाठी वयाची पन्नाशी लागते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत फिटनेस दाखवून ती जिवंत ठेवावी लागते. म्हणजे ती आपल्याकडच्या मध्यमवयीन माणसासारखी आहे. सवलत कुठलीच नाही आणि तपासणी मात्र दरवेळी.

गेल्या उन्हाळ्यात ही गाडी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, पवईच्या चढावर, चालता चालता बंद पडली. धक्का नाही, आवाज नाही, धूर नाही. कोणीतरी चावी फिरवावी तसं इंजिन गप्प झालं. वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप सुरू झालं. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

मग सल्ले सुरू झाले. मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने एका मिनिटात निकाल दिला: ई-२० पेट्रोल. हल्ली गाडीला काहीही झालं तरी आरोपी तोच असतो. अंधेरीतल्या एका चकचकीत वर्कशॉपने गाडी ठेवून घेतली आणि सांगितलं, पेट्रोल पंप गेलाय. पंप बदलला, गाडी आठवडाभर चालली, पुन्हा बंद पडली. आता म्हणाले, ईसीयू म्हणजे इंजिनाचा मेंदू गेला. तो या गाडीसाठी कुठे मिळत नाही, तेव्हा विकून टाका. पहिलं बिल आणि पुढचा अंदाज मिळून रक्कम साठ हजारांच्या वर गेली होती.

मी त्याला गाडी टोचन करून असल्फ्याला आणायला सांगितलं. घाटकोपरहून साकीनाक्याकडे येताना डाव्या-उजव्या हाताला जी गॅरेजं आहेत, त्यातल्या एका दीड गाळ्यात एक उस्ताद बसतात. मूळचे खेड तालुक्यातले, वय सत्तरीकडे. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. आम्ही त्यांना चाचा म्हणतो.

चाचांनी बॉनेट उघडलं नाही. आधी स्टूल पुढे केलं आणि मित्राला विचारायला लागले. "बंद पडताना आचके देत पडली की एकदम?" "एकदम." "त्या वेळी गिअरमध्ये होती?" "हो, तिसऱ्यात." "गाडी पुढे जातच होती ना? मग तेव्हा आरपीएमचा काटा कुठे होता?" मित्राने डोळे मिटले, आठवून सांगितलं, "चाचा, काटा लगेच शून्यावर आला होता." चाचा माझ्याकडे बघून हसले. "आधा काम तो यहीं हो गया."

का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. गाडी गिअरमध्ये असताना चाकं इंजिनाला फिरवत राहतात. म्हणजे इंजिन फिरतच होतं, तरीही काटा शून्यावर गेला. याचा अर्थ, इंजिन फिरतंय ही खबरच मेंदूपर्यंत पोचली नाही. पेट्रोल संपलं असतं किंवा पंप थकला असता, तर इंजिनाने आचके दिले असते, पिकअप गेला असता, आणि काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू खाली आला असता.

ही खबर देतो एक सेन्सर. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथे, फ्लायव्हीलजवळ, तो बसलेला असतो. फ्लायव्हील कुठल्या क्षणी कुठे आहे हे तो मेंदूला सांगतो, आणि त्यावरूनच मेंदू ठरवतो की करंट कधी द्यायचा, पेट्रोल कधी फवारायचं. हा सेन्सर गप्प झाला की मेंदू करंटही तोडतो, इंजेक्टरही थांबवतो आणि पंपही बंद करतो. इथेच त्या वर्कशॉपचा घोळ झाला. सेल्फ मारताना पंप चालत नाही, हे त्यांनी पाहिलं ते खरंच होतं. पण पंप चालत नव्हता तो बिघडला होता म्हणून नाही, त्याला हुकूमच येत नव्हता. चाचांनी चावी नुसती "ऑन" केली, तेव्हा दोन सेकंद पंपाची गुणगुण आली. "पंप जिंदा है. उस को बोलने वाला चुप है."

मग त्यांनी गाडी सुरू करून तापू दिली आणि चालू इंजिनावर सेन्सरचं कनेक्टर बोटाने हलकेच हलवलं. इंजिन बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा हलवलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच केलं. मी म्हटलं, एकदा कळलं ना, मग तीनदा कशाला? म्हणाले, "एकदा झालं तर योगायोग असू शकतो. गाडीवर तोहमत लावायच्या आधी तीनदा बघायचं."

कनेक्टर उघडलं तर आतल्या पिना कळंकून हिरव्या झाल्या होत्या. दोष ना गाडी बनवणाऱ्याचा, ना सेन्सरचा. पंचवीस वर्षांच्या मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेचा. गरम झालं की तो कमजोर जोड आणखी सैल व्हायचा, थंड झालं की पुन्हा धरायचा. पिना साफ केल्या, घट्ट केल्या. आणि फायबरच्या बॉडीतून करंट परत जात नाही, पत्र्याच्या गाडीसारखी कुठेही अर्थिंग मिळत नाही, म्हणून अर्थिंगच्या सगळ्या वायरीही एकेक करून तपासल्या. पुन्हा इंजिन तापवलं, पुन्हा कनेक्टर हलवलं. आता बंद पडेना. मग मित्राला बाजूला बसवून भर ट्रॅफिकच्या वेळी मुलुंड चेकनाक्यापर्यंत जाऊन आले. सामान किती लागलं? कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा.

आता या सगळ्याला काय म्हणायचं? कॉलेजात याला शास्त्रीय पद्धत म्हणतात. आधी लक्षणं ऐकायची, त्यावरून अंदाज बांधायचा, तो अंदाज खोटा ठरेल अशी परीक्षा घ्यायची, बिघाड आपल्या हाताने पुन्हा घडवून आणायचा, दुरुस्ती करायची आणि तो आता घडत नाही याची खात्री करायची. चाचा आठवीपर्यंत शिकलेत.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी त्यांनी सांगितलेलं थोडक्यात मांडतो, कारण हे ज्ञान गाळ्यात अडकून राहू नये. इंजिन चावी फिरवल्यासारखं एकदम गेलं तर आधी करंटकडे बघा. आचके देत, रडत गेलं तर पेट्रोलकडे. खडखडाट करून किंवा ऑइलचा लाल दिवा लागून गेलं तर काहीही करू नका, सेल्फला हातही लावू नका, टोचन करा. सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरतंय असं वाटलं तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि किरकोळ काम मोठं होतं. गरम असताना बंद आणि थंड झाल्यावर सुरू, असा खेळ असेल तर सेन्सर, कॉइल किंवा एखादा सैल जोड. आणि ई-२०? इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्यांना आणि गॅस्केटना ते मानवत नाही, टाकीतला जुना कचरा सुटून फिल्टर तुंबू शकतो, हे खरंच आहे. जुन्या गाडीच्या नळ्या तपासून घ्याव्यात. पण ते दुखणं सहसा हळूहळू येतं. वास येतो, पिकअप जातो, सकाळी सुरू व्हायला त्रास होतो. जो आरोपी गावभर बदनाम आहे तोच प्रत्येक गुन्ह्यात सामील असेल असं नाही. हे वाक्य मी फक्त पेट्रोलबद्दल लिहिलेलं नाही, हे माझ्या वाचकांना सांगायला नको.

चाचांची विद्या कुठून आली? कुर्ल्यातून. लाल बहादूर शास्त्री मार्गावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. १९५० च्या दशकापासून तिथे फियाट बनत होती; १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं ते छोटं इंजिन मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी अर्धं शतक दामटलं. कारखान्यात गाड्या बनत आणि कारखान्याबाहेर कुर्ला, साकीनाका, जोगेश्वरीच्या गाळ्यांत त्या दुरुस्त करणाऱ्यांच्या पिढ्या घडत. मे महिन्यात पद्मिनी चढावर बंद पडली की इंजिनावर बसवलेला पेट्रोल पंप तापून आतल्या पेट्रोलची वाफ झालेली असे. त्यावर ओलं फडकं टाकायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. जुलैत बंद पडली की डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल. ती सुक्या फडक्याने पुसायची. ओलं फडकं कधी आणि सुकं कधी, हे ज्याला कळलं तो मेकॅनिक. ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांत गाडीच्या आठवणींचे रकाने भरले. तिला एवढी वर्षं चालतं ठेवणाऱ्या हातांबद्दल फार थोडं वाचायला मिळालं.

ते हात मोठ्या संख्येने मुसलमानांचे होते आणि आहेत. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही ज्या धंद्यांत मुस्लिम कामगारांचं प्रमाण जास्त आहे त्यांत वाहनदुरुस्तीची नोंद आहे. पण आपल्या देशात या कामाचं एक शिवीसारखं नाव झालंय: पंक्चरवाला. १४ एप्रिल २०२५ ला हिसारच्या सभेत पंतप्रधानांनी वक्फच्या संदर्भात मुस्लिम तरुणांच्या पंक्चर काढण्याचा उल्लेख केला आणि गदारोळ झाला. मी तेव्हा दोन्ही बाजूंच्या प्रतिक्रिया वाचत होतो. आपल्या बाजूची बहुतेक उत्तरं अशी होती की आमच्यात डॉक्टर आहेत, आयएएस आहेत, शास्त्रज्ञ आहेत. सगळं खरं. पण या उत्तरात एक कबुली दडलेली होती. पंक्चर काढणं ही लाजेची गोष्ट आहे, हे आपणही मान्य करून टाकलं. "हो, काढतो पंक्चर, आणि भर पावसात तुमची गाडी आम्हीच सुरू करून देतो" असं म्हणणारे फार कमी दिसले.

लग्नाच्या बैठकीतही हेच होतं. मुलगा काय करतो, याला "गॅरेजमध्ये आहे" असं उत्तर आलं की चहाचे कप खाली ठेवले जातात. तोच मुलगा दुबईत एखाद्या वर्कशॉपमध्ये तेच काम करत असेल तर मात्र "टेक्निशियन आहे" म्हणून मिरवतो. पाना तोच, हात तोच.

पण इथे थांबलो तर हा लेख नुसता अभिमानाचा होईल, आणि तसा लेख मला लिहायचा नाही. उस्ताद-शागिर्द परंपरेचं कौतुक करणारे आपण एक गोष्ट सोयीने विसरतो. शागिर्द म्हणजे बहुतेक वेळा शाळा सोडलेला पोरगा असतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, तरी गाळ्यागाळ्यांत "छोटू" दिसतो. वर्षानुवर्षं तो पाने देतो, चहा आणतो, शिव्या खातो. शिकवलं जातं ते उस्तादाच्या मर्जीने. कित्येक उस्ताद शेवटची गोष्ट मुद्दाम सांगत नाहीत, उद्या हाच समोर गाळा टाकेल म्हणून. अशाने विद्या उस्तादाबरोबर कब्रस्तानात जाते. चाचांनी मला सांगितलं की त्यांच्या हाताखाली वीसेक पोरं तयार झाली, पण वायरिंगचा नकाशा वाचता येणारा एकच निघाला, आणि तो दहावी झालेला होता.

मुद्दा तोच आहे. कानाने चालणारं निदान पद्मिनीला पुरलं. स्टॉर्मसारख्या मधल्या काळातल्या गाडीला अजून पुरतं, कारण तिला आजचा स्कॅनर धड लागत नाही. आपल्याकडे गाडीने स्वतःचा बिघाड स्वतः नोंदवण्याची सक्ती २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. पण आजच्या बीएस-६ गाडीला आणि उद्याच्या विजेच्या गाडीला नुसता कान पुरणार नाही. तिथे मल्टिमीटर लागेल, इंग्रजी नकाशा लागेल, हाय व्होल्टेजची समज लागेल. स्कॅनरही नुसता कोड सांगतो, कारण सांगत नाही. चाचांसारखा विचार आणि हातात स्कॅनर, असा माणूस आपल्याला हवा आहे. आज एकीकडे विचार आहे पण स्कॅनर नाही, आणि दुसरीकडे स्कॅनर आहे पण विचार करायला पगार नाही.

कारण चकचकीत वर्कशॉपमधला पोरगा बेअक्कल आहे असं मी मानत नाही. त्याला महिन्याचं टार्गेट आहे आणि ते पार्टमध्ये मोजलं जातं. पिना साफ करण्यात त्याने दोन तास घालवले तर साहेब विचारेल, बिल कुठे आहे? दुसरीकडे रस्त्यावरच्या मेकॅनिकची अडचण वेगळी. कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत, ही तक्रार भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत गेली होती. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. दंडावर पुढे अपिलं झाली, पण मुद्दा मान्य झाला: दुरुस्तीचं ज्ञान कोंडून ठेवणं ही ग्राहकाची लूट आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने "राइट टू रिपेअर"साठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. वाहनक्षेत्र त्यात आहे. असल्फ्याच्या गाळ्यात मात्र त्याचं नावही कोणी ऐकलेलं नाही.

मग करायचं काय? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, गाडीवाल्यांसाठी. निदानाचे वेगळे पैसे द्या, आणि आधी ठरवून द्या. डॉक्टरची फी आपण देतोच ना, औषध लिहून दिलं नाही तरी? मित्राने चाचांना विचारलं, किती झाले? ते म्हणाले, "सामान तो कुछ लगा नहीं, जो समझो." हे "जो समझो" संपलं पाहिजे. त्याने दोन हजार दिले तेव्हा चाचाच ओशाळले. वर्कशॉपच्या साठ हजारांवर मित्राने घासाघीस केली नव्हती, चाचांचे दोन हजार बघून त्याच्याच ओळखीतल्या एकाने म्हटलं, "एवढे? फक्त वायर साफ केली ना?" वायर साफ करायला दहा मिनिटं लागली. कुठली वायर, हे कळायला पन्नास वर्षं.

दुसरी, आपल्या जमातीसाठी. भायखळ्याला साबू सिद्दिक तंत्रसंस्था १९३० च्या दशकात उभी राहिली, तेव्हा आपल्या बुजुर्गांना हाताच्या कामाची लाज वाटत नव्हती. आज कुर्ला, जोगेश्वरी, मालाड-मालवणीत आपल्या मशिदींचे आणि शाळांचे हॉल संध्याकाळी रिकामे असतात. तिथे आठवड्यातून दोन दिवस मल्टिमीटर, वायरिंगचे नकाशे आणि स्कॅनर शिकवायला काय हरकत आहे? शिकवायला चाचांसारखे उस्ताद आणि पॉलिटेक्निकची पोरं, दोघंही हवीत. आयटीआयच्या मोटर मेकॅनिक कोर्सला दहावी लागते. ज्यांनी आधीच वीस वर्षं काम केलंय त्यांच्यासाठी सरकारच्या कौशल्य योजनेत अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. ते फॉर्म भरून देणं हे एखाद्या जलशापेक्षा मोठं काम आहे. आणि छोटूला दहावीपर्यंत शाळेत ठेवणं हे त्याहूनही मोठं.

तिसरी, लिहिणाऱ्यांसाठी. आपण फाळणीवर लिहितो, इतिहासावर लिहितो, रोजच्या अन्यायावर लिहितो, लिहिलंच पाहिजे. पण आपल्या गाळ्यांतली विद्या मराठीत कोणी उतरवून घेतलेली नाही. पद्मिनीचं इंजिन आवाजावरून ओळखणारी माणसं आज सत्तरीत आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन बसा. ती भाषा, "मिसिंग", "एअर पकडली", "हेड उतरवलं", ही मुंबईच्या मराठीचाच भाग आहे, आणि ती घडवण्यात मराठी मुसलमानाचा मोठा वाटा आहे.

चाचांचा मोठा नातू सध्या बारावी सायन्सला आहे. त्याला गाळ्यात यायचं नाही, आणि चाचाही आग्रह करत नाहीत. मी त्यांना विचारलं, तुमच्यानंतर हे कोण बघणार? ते म्हणाले, "जिसको समझने की तनख्वाह मिलेगी, वो बैठेगा." मला वाटतं, एवढं नेमकं निदान आपल्या प्रश्नाचं कुणी केलेलं नाही. आता इलाज आपल्याकडे आहे.